दिराच्या नावाची नळी

दिराचा रिपोर्ट आला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू: आढळला नाही. हेपॅटायटिस सीच्या गोळ्या संपून बारा आठवडे झाले होते, म्हणजे सुटला. फोन उचलणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली. अँटिबॉडीसुद्धा नाही.

वीस वर्षं मी या लॅबमध्ये रक्त तपासतेय. विषाणू गेला तरी अँटिबॉडी इतक्यात जात नाहीत. भाडेकरू घर सोडून जातो, पण भिंतीतले खिळे काही उपटून नेत नाही. ही भिंत कोरी होती. म्हणजे घरच दुसऱ्याचं.

रक्ताच्या नळीवरची चिठ्ठी पाहिली, नोंदी पाहिल्या. सगळं बरोबर. रक्त मात्र आमच्या लॅबच्या लांबच्या संकलन केंद्रावर दिलेलं, जिथे आम्हाला कुणी ओळखत नाही. दिराला फोन केला तर म्हणाला, निघालो ना धुतल्या तांदळासारखा? मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

घरी नवरा उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून बसलेला. सुई दुखली का, मी विचारलं. कसली सुई म्हणत त्यानं हात मागे घेतला. या माणसाला उभ्या संसारात एक खोटं धड बोलता आलं नाही. मग सगळं ओकला. धाकट्याची बायको माहेरी जाऊन बसली होती; रिपोर्ट चांगला आला तरच येईन म्हणत होती. धाकटा रडला, आणि यानं हात पुढे केला.

"कागदानं लिव्हर बरं होत नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिराला लॅबमध्ये बसवलं. बाही वर करतानाही त्याची जीभ चालूच होती. "वहिनी, दादाचंच घे की. त्याच्यात भरपूर आहे."

मशीन फेरीमागून फेरी विषाणूच्या प्रती वाढवत जातं. विषाणू नसेल तर पडद्यावरची रेघ आडवीच राहते. दीर माझ्या मागे उभा होता. विसाव्या फेरीपर्यंत रेघ आडवी. तेविसाव्याला तिनं मान वर काढली.

"किती?"

"चार लाखांच्या वर."

तो वाकून ती रेघ बघत राहिला. मग म्हणाला, "मधे तीन आठवडे गोळ्या घेतल्याच नव्हत्या. बरं वाटत होतं."

"हेच डॉक्टरांना सांग. दुसऱ्या गोळ्या असतात."

त्यानं फोन काढला. मला वाटलं डॉक्टरांना लावतोय. पण त्यानं बायकोला लावला, खरा आकडा सांगितला, आणि फोन कानाला धरून नुसता ऐकत राहिला.