हिरव्या रेघेवरचा काटा

मित्रांनो, मी एक ऑसिलोस्कोप आहे, आणि जुना आहे हे मला उचलून पाहणाऱ्या कुणालाही कळेल. वीज डोळ्यांना दिसत नाही. ती कशी वरखाली होते, हे मी काचेवर हिरवी रेघ काढून दाखवतो. कारखान्यातून निघालो तो थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो.

तिथे दोन विद्यार्थी माझ्यासमोर घडले. मुलीला सर्किटमधला गोंगाट, म्हणजे विजेतली नको असलेली बारीक थरथर, कुठून येतो हे शोधायचा नाद होता. मुलाला तो पुसून टाकायचा. दोघं दिवसभर भांडत आणि साक्षीला मला धरत. पुढे दोघांनी प्रबंधात माझे आभार मानले, मार्गदर्शकांच्या नंतर आणि आईवडिलांच्या आधी.

मग दोघांची प्रगती झाली. ती प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली. प्रत्येक बढतीला तिची खोली माझ्यापासून आणखी लांब गेली. शेवटी ती एका इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनपत्रिकेची संपादक झाली आणि तो सहसंपादक. दोघांच्या फोटोखाली ‘संशोधनाचे विषय’ अजून छापून येतात. विषय तेच आहेत. संशोधन तेवढं राहून गेलं. माझ्या डोक्यावर कुंडी आली. पाणी मात्र जपून घालत, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा एका विद्यार्थिनीचा लेख आला. एका नेहमीच्या सर्किटमध्ये मधूनच विजेचा टोकदार काटा उठतो, असं तिचं म्हणणं. परीक्षकांपैकी एक हो म्हणाला, एक नाही. लेख परत गेला तर तिची पीएचडी अडकणार होती. सहसंपादकांनी ते सर्किट जोडलं आणि माझ्या जागी आलेल्या नव्या यंत्रावर पाहिलं.

“काटाबिटा काही नाही. रेघ बघ, इस्त्री केल्यासारखी. परत पाठव.”

संपादक मॅडम बघत राहिल्या. “अरे, इतकी सरळ? सरासरी चालू ठेवलीयेस का?”

“ती कायम चालूच असते. गोंगाट जातो ना.”

“आणि काटा?”

सहसंपादकांचा हात बटणाकडे गेला. यात नव्या यंत्राचा दोष नाही, मित्रांनो. पुष्कळ रेघांची सरासरी काढ म्हटलं, त्याने काढली. क्वचित येणारा काटा त्यात विरून जातो.

“बंद करतो,” ते पुटपुटले.

“कर. आणि ती कुंडी उचल. याच्यावरही बघू.”

“या वयात हा चालू होईल?”

“तू होतोस ना रोज?”

माझी रेघ आता फिकी, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले गेले. मी तापलो, जळक्या धुळीचा वास सुटला. रेघ उमटली, थरथरली, आणि काटा उठला. थोड्या वेळाने दुसरा. तिकडे नव्या यंत्रावरही तोच.

मॅडमनी तिथूनच त्या विद्यार्थिनीला फोन लावला.

“मॅडम, म्हणजे माझं सर्किट चुकलं नव्हतं?”

“नाही गं. आमची सवय चुकली होती. लेख घेतोय आम्ही.”

पलीकडून फोन न ठेवताच मोठी हाक ऐकू आली, “आई, इकडे ये आधी!”

सहसंपादक खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पडदा ओढलेला होता.

मित्रांनो, यंत्र जपायचं म्हणजे झाकून ठेवायचं नव्हे. पुसा, चालू करा, बिघडलं तर दुरुस्त करा. आणि “मला इथे काहीतरी दिसलं” असं सांगत कुणी आलं, तर नाही म्हणण्याआधी एकदा स्वतः बघा.