काटकोनातला शाफ्ट

चांगदेव माझ्या वर्कशॉपमध्ये आला तेव्हा मी त्याला मुद्दाम उभंच ठेवलं. लेथही बंद केला नाही. नऊ वर्षं या दिवसाची वाट पाहिली होती.

चौऱ्याण्णव साली लोणीला त्याच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर टर्नर होतो. कडबाकुट्टीचा, म्हणजे वैरण कापायच्या यंत्राचा, शाफ्ट जिथे जाडाचा बारीक होतो, तिथल्या कोपऱ्यात मी थोडी गोलाई ठेवायचो, म्हणजे तिथून तडा जात नाही. गोलाई ठेवली की बेअरिंग टेकायला मध्ये एक कडी घालावी लागते. चांगदेवला तेवढाही धीर नव्हता. काटकोनच काढ म्हणाला, मी काढला. नेमका तोच शाफ्ट आमच्या घरच्या कुट्टीत बसला. वर्षभरात तुटला आणि पात्याचं चाक माझ्या वडिलांच्या हातावर आलं. खंडूआबांची दोन बोटं गेली. चांगदेवनं गावभर सांगितलं, पोरानंच बापाची बोटं तोडली, याचा हातच कच्चा आहे. त्यानंतर लोणीत मला कुणी काम दिलं नाही. म्हणून बोरी बुद्रुकला आलो.

आता त्याचं वर्कशॉप बंद पडलं होतं आणि घरच्या कुट्टीचा शाफ्ट तुटला होता, वर्षात तिसऱ्यांदा. तो तुकडा घेऊनच तो आला होता. सोबत बायको होती, बायडाबाई. माझी चार गिऱ्हाइकंही बसलेली होती, ते बरंच झालं.

"राजरत्न, नवा काढून दे. कोपरा काटकोनात ठिव," तो म्हणाला.

सांगतोय तसाच काढून द्यावा, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण मग मी फळीवरून आबांच्या कुट्टीचा तो तुटका शाफ्ट काढला. इतकी वर्षं तेल लावून जपला होता. दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवले. दोन्ही त्याच कोपऱ्यात तुटलेले. तडा तिथून निघून रोज थोडा आत सरकलेला, शिंपल्यावर असतात तशा रेघा सोडत, आणि उरलेला भाग शेवटी एकदम गेलेला.

"वहिनी, कुट्टीत वैरण कोण घालतं?"

"मीच की."

कोपऱ्यात आबा स्टुलावर बसले होते. बायडाबाईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "सांगा की त्याला, कोपरा कसा ठिवायचा."

"गोल ठिव," चांगदेव पुटपुटला.

"आन् चौऱ्याण्णव साली?" मी विचारलं.

त्यानं जुन्या शाफ्टच्या तुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "तवाबी गोलच पायजे व्हता. तुजी चूक नव्हती."

मी लेथ बंद केला.

"आबांना ऐकू न्हाई गेलं, भाऊ," मी म्हणालो. "परत सांगा."