मोठ्याने वाचलेल्या प्रेमकथा

एस्किल हसला नाही.

वाक्य असं होतं: ‘बर्फाचे कण तिच्या पापण्यांवर उतरले आणि त्याने ते एकेक करून ओठांनी टिपले.’ ते मी मुद्दाम सावकाश, घसा दाटून आल्याचं सोंग करत वाचलं होतं आणि पुढे न जाता थांबले होते. ही त्याच्या हसण्याची जागा होती. गोठलेल्या तळ्यावर उभ्या केलेल्या खोपीत शेगडीची फुरफुर तेवढी ऐकू येत होती. फळ्यांच्या जमिनीत आणि खालच्या बर्फात पाडलेल्या भोकातून तळ्याचं काळं पाणी दिसत होतं. एस्किल हातात आखूड गळ धरून त्या पाण्याकडे पाहत राहिला.

“काय रे,” अखेर मीच म्हणाले, “ओठ चिकटले असते ना त्याचे?”

“हं.”

“हं काय? मागच्या वर्षी म्हणालास, या लेखकांना जानेवारीत मिनेसोटात आणून सोडा. पापण्या उघडताना रडतील म्हणालास.”

“वाच ना पुढे, लिन. चांगली चाललीये.”

चांगली चाललीये! शाळेच्या खालच्या वर्गांत असल्यापासून, नाताळच्या सुट्टीत, गावच्या वाचनालयातून आम्ही असा एखादा संग्रह आणत आलो होतो. मुखपृष्ठावर लाल मफलर, आत सोळा-सतरा वर्षांची मुलंमुली. कुणाचं विमान हिमवादळात अडकलेलं, कुणी घरच्यांना दाखवायला खोटाच प्रियकर सोबत आणलेला, कुठे दोघांत एकच पांघरूण. एस्किलच्या आजोबांची ही प्लायवूडची खोप बर्फावर उभी राहिली की त्याने मासे धरायचे आणि मी मोठ्याने वाचायचं. तो मधेच हात वर करून भाकीत करी, “आता वीज जाणार.” पुढच्याच परिच्छेदात वीज जाई. मग आम्ही इतके हसत असू की शेजारच्या खोपीतला म्हातारा भिंतीवर ठोठावून ओरडे, “मासे पळाले सगळे! लग्न करून टाका आणि गप्प बसा!”

दूरच्या नातलगाच्या बोलण्याची नक्कल करावी तशी आम्ही प्रेमाची नक्कल करत आलो. केव्हातरी, मला नकळत, माझ्या तोंडची नक्कल संपली. शब्द तेच राहिले, हसूही तेच, पण प्रत्येक गोष्टीतल्या त्या दोघांच्या जागी मी आम्हा दोघांना बसवू लागले. येत्या शरदात मी शिकायला दूर जाणार होते. म्हणून या वर्षी मनाशी ठरवलं होतं: संग्रहातली शेवटची गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटायचं आणि त्याला सांगायचं. आज त्याच गोष्टीपर्यंत पोचायचं होतं.

त्यामुळे त्याचं न हसणं मला आधी शुभच वाटलं. जो हसत नाही त्यालाही काही झालेलं असतं. कुणास ठाऊक, तोही मनातल्या मनात जागा बदलत असेल. मी हातातली गोष्ट संपवली; आता शेवटची एकच उरली. अखेरचं चुंबन वाचताना माझा आवाज खरोखरच दाटला, आणि तो सोंगात खपून गेला.

भोकावर बर्फाचा चुरा साचला होता. मी झाऱ्याने तो काढून बादलीत भरला आणि बाहेर टाकायला उठले. दार उघडेना.

“ढकल की जोरात. सकाळी न्याहारी केलीस ना?”

“तू ये. मग कळेल.”

त्याने खांदा लावला. दार करकरत हातभर उघडलं आणि थंडी आत घुसली. मी अंग चोरून बाहेर पडले आणि जागीच थांबले. खोपीच्या खालच्या लाकडी पट्ट्या दिसतच नव्हत्या. बर्फाने त्या गिळल्या होत्या. चारही बाजूंनी भिंतीचा खालचा काठ हिरवट, काचेसारख्या बर्फात रुतला होता.

खोप तळ्यावर ओढून आणली की तिच्या चार कोपऱ्यांखाली ठोकळे सारायचे, हे आमच्याकडच्या मुलांना बुटांची नाडी बांधता येण्याआधी कळतं. नाहीतर शेगडीच्या उबेने खालचा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि खोपीला धरून बसतो. मग वसंतात पहारीने फोडत बसा, नाहीतर खोप तळ्याला अर्पण करा. दर वर्षी खोप ओढायला आम्ही दोघं येत असू. तो ट्रकचा दोर सोडायचा, मी ठोकळे सारायची. या वर्षी त्याने फोनवरच कळवलं होतं की काम उरकलं, तू थंडीत येऊ नकोस. मला ती काळजी वाटली होती.

“एस्किल, ठोकळे कुठायत?”

त्याने दारातून डोकं बाहेर काढलं, खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा. आजोबा जीव घेतील माझा.”

“पण विसरलास कसा? तू? शाळेतल्या बाईंची खोप अशीच अडकली तेव्हा त्यांना बोल लावणारा तू!”

“माझं लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

तो आत गेला. मीही आत आले. त्याने थर्मासमधलं गरम चॉकलेट माझ्या पेल्यात ओतलं. डब्यात त्याच्या आईने दिलेला लेफ्सा होता, बटाट्याची ती मऊ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. एक गुंडाळी त्याने माझ्या हातात ठेवली. हातांना काम देणारा माणूस बोलायची तयारी करत असतो, हे मला ठाऊक होतं.

“एकटा नव्हतो त्या दिवशी,” तो म्हणाला. “मारिसोल होती.”

मारिसोल. उन्हाळ्यात टेक्सासहून आलेली, रसायनशास्त्राच्या वर्गात खिडकीशी बसणारी, कोटाच्या आत आणखी एक कोट घालणारी.

“तिने गोठलेलं तळं कधी पाहिलंच नव्हतं, लिन. काठावरून पाऊल टाकेना. मी ट्रक बर्फावर घातला तर डोळे मिटून घेतले तिने. खोप आणून ठेवली, तेवढ्यात तळं ओरडलं. तो लांबलचक आवाज नाही का, बर्फ पसरताना या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा? तिने माझी बाही धरली. म्हणाली, हे फुटतंय. मी म्हणालो, फुटत नाहीये गं, वाढतंय.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “मग ठोकळे राहूनच गेले.”

लहानपणी हाच एस्किल या आवाजाला घाबरून बर्फावर मटकन बसला होता. फुटत नाहीये, वाढतंय, असं तेव्हा त्याला मी सांगितलं होतं. माझं वाक्य त्याच्या तोंडून तिच्या कानापर्यंत पोचलं होतं आणि तिथे जाऊन प्रेम झालं होतं. मी लेफ्सा खात राहिले. साखर दातांखाली वाळूसारखी वाजत होती.

“हसतेस ना? हस,” तो म्हणाला. “मलाच हसू येतं. त्या पापण्यांच्या वाक्याला मघाशी मला तीच दिसली. म्हणजे मीच आता लाल मफलरवाला!”

“मफलर तरी घे. तुझा तो हॉकीचा टोप बघून कुणी पुस्तकात घेणार नाही तुला.”

तो मनापासून हसला. विनोद मला अजून येत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“तिला अजून बोललो नाहीये,” तो म्हणाला. “नाताळच्या आदल्या दिवशी बोलणारे. तू एवढ्या गोष्टी वाचल्यास. यातली मुलं नेमकं काय म्हणतात गं? आपण हसण्याच्या नादात ते कधी ऐकलंच नाही.”

“सगळे वेगवेगळं म्हणतात.”

“मग शेवटची वाच ना. नीट वाच या वेळी, नाटकं न करता. मी ऐकतो.”

त्याने गळ गुंडाळून बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत वाचन चालू असताना त्याने हातातला गळ कधी खाली ठेवला नव्हता. गुडघ्यांवर कोपरं टेकून तो पुढे झुकला, आणि माझ्या ओठांतून आता तिच्यासाठी काही निघेल म्हणून वाट पाहू लागला.

मी वाचू लागले. गोष्ट डोंगरातल्या एका अतिथीगृहाची होती. मालकाची मुलगी, दर हिवाळ्यात येणारा एक मुलगा, खचलेला घाट, बंद रस्ता. एस्किलने भाकीत केलं नाही. गोष्टीत वीज गेली तेव्हाही त्याचा हात वर झाला नाही. खिडकीतला उजेड निळसर होऊ लागला, आणि मी पानं उलटत त्या दोघांना व्हरांड्यापर्यंत आणून सोडलं. छापील पानावर मुलगा धावत येत होता. मुलगी म्हणणार होती, मला वाटलंच होतं तू येशील. एवढंच होतं तिचं वाक्य. त्यानंतर मिठी, आणि बर्फ.

माझी नजर त्या ओळीवर होती. आवाज मात्र तिथून निघाला आणि परत आला नाही.

“मुलगी म्हणाली,” मी वाचलं, “तुझ्यापाशी दाखवण्यासारखं जे होतं, ते सगळं मी आधीच पाहिलेलं होतं. आणि माझ्यापाशी जे होतं, ते तुला इतकं सवयीचं की तुझी नजर त्यावर थांबलीच नाही. मला घाबरता आलं नाही. तुझी बाही धरावी असा एकही आवाज या तळ्याने माझ्यासाठी काढला नाही. मी तुझ्याशेजारी बसून दुसऱ्यांची प्रेमं वाचत राहिले, कारण ती वाचताना तू माझ्याकडे पाहत होतास. तू हसत होतास तेव्हा मी हसत नव्हते. एवढंच सांगायचं होतं. आता तू जा, ती वाट पाहत असेल.”

मी थांबले. शेगडी फुरफुरत होती. भोकावर बर्फाची नवी, पातळ साय धरू लागली होती.

एस्किलने मान वर केली. मघाची उत्सुकता त्याच्या चेहऱ्यावरून अजून पुरती गेली नव्हती, आणि तिच्याखालून दुसरंच काही हळूहळू वर येत होतं.

“तळं?” तो म्हणाला. “ही गोष्ट तर डोंगरातली होती ना?”

मी पुस्तक मिटलं नाही. ते पान उघडंच ठेवून त्याच्या बाजूच्या बाकावर पालथं ठेवलं, टोप कानांवर ओढला, हातमोजे चढवले. दार पुन्हा अडलं होतं. त्याला मी स्वतःच खांदा लावला.

“लिन,” तो मागून म्हणाला, हळू आवाजात, या खोपीत मी कधी न ऐकलेल्या आवाजात. “लिनेया. हे पुस्तकात आहे?”

मी दारातून बाहेर पडले आणि काठावरच्या दिव्यांच्या दिशेने चालू लागले.