वारशाची नोंद

गच्चीवर कोणीच बोलत नव्हते. पाण्याच्या टाकीला टेकलेला लवू खाली रस्त्याकडे पाहत होता, पण त्याचे लक्ष रस्त्यावर नव्हते. सुभद्रेने पदराचे टोक मुठीत आवळून धरले होते. हेरंबच्या एका साध्या वाक्याने ही शांतता ओढवली होती आणि तो काळ्या पेटीतून काढलेल्या ड्रोनचे दुमडलेले हात उलगडत आपले नेमके काय चुकले हे शोधत होता.

तो एवढेच म्हणाला होता, "काळजी नको मावशी, आम्ही फक्त वारशाची नोंद करतोय."

वाक्य त्याचे नव्हते. अनुजाचे होते. हेरंब जुन्या मुंबईची आकाशातून छायाचित्रे काढत होता आणि त्यांच्या प्रदर्शनासाठी मजकूर ती लिहीत होती. गिरगावातल्या वाड्यांची लाल कौले झाली होती, वरळीचा किल्ला झाला होता, दादरच्या पारशी कॉलनीतल्या गोलाकार बाल्कन्याही झाल्या होत्या. उरली होती परळच्या बंद गिरणीची चिमणी. तिच्या सर्वांत जवळची गच्ची या करंबेळकर चाळीची. अनुजा इथेच वाढली होती. तिने शब्द टाकला आणि सुभद्राआत्याने गच्चीची चावी आणवली. लिहिताना 'वारशाची नोंद' हे शब्द तिला घोटीव, किंचित गंभीर वाटले होते. ते या गच्चीवर उच्चारले जातील, हे तिच्या मनातही आले नव्हते.

कारण या चाळीत सध्या त्या शब्दांना एकच अर्थ होता. चाळ पाडून टॉवर उठायचा होता. नवे घर कोणाच्या नावावर करायचे, हे ठरवायला बिल्डरची माणसे दर रविवारी जिन्याशी टेबल मांडून बसत. ज्याच्या नावावर खोली तो हयात नसेल, तर त्याचा वारस कोण, हे विचारत. सुभद्रा जन्मापासून ज्या खोलीत राहत आली होती ती अजून तिच्या दिवंगत भावाच्या नावावर होती. आणि भावाची एकुलती मुलगी म्हणजे अनुजा.

"काय गो अनू," लवू अखेर हेरंबशेजारी उभ्या अनुजाला म्हणाला. तो चाळीच्या कमिटीचा चिटणीस, अनुजाच्या वडिलांचा मित्र. "फोनवर फोटो म्हणालीस. आता नोंद म्हणतंस. नक्की काय ता एकदा ठरवा."

"फोटोच, लवूकाका. चिमणीचे."

"चिमणीक वारस कोण? गिरणी बंद पडली तेव्हा तर कोणच पुढे इलो नाय."

हेरंब हसला. त्या हसण्याला गच्चीवर कुठेच जागा मिळाली नाही. "वारसा म्हणजे हेरिटेज, काका. आपला सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा? मग तर जास्तच वांदे."

सुभद्रा हेरंबकडे पाहत होती. त्याच्या बुटांकडे, मनगटावरच्या घड्याळाकडे, गळ्यात अडकवलेल्या रिमोटकडे. "ह्यो खंयचो?" तिने अनुजाला विचारले, जणू तो तिथे नव्हताच.

"गिरगावातला, आत्या. मित्र आहे माझा."

"वकील?"

"फोटोग्राफर."

"मागे मोजणीक माणसां इली, तीपण पयल्यांदा फोटूच काढी होती."

"मावशी, पोलिसांची परवानगी आहे माझ्याकडे, दाखवू?" हेरंब म्हणाला.

"त्यांच्याकडेपण होती," सुभद्रा म्हणाली.

सकाळचे ऊन अजून कोवळे होते. पलीकडच्या काचेच्या इमारतीवर ते आपटून परतत होते आणि गच्चीवरच्या माणसांना दोन दोन सावल्या पडल्या होत्या. एक खऱ्या सूर्याची, दुसरी ऑफिसांच्या काचेची. अनुजाला वाटले, पूर्वी या गच्चीवर माणसाला एकच सावली होती. हे वाक्य मजकुरात कुठे बसेल, याचा विचार तिने सवयीने केला आणि लगेच तिला स्वतःची थोडी शिसारी आली.

हेरंबने ड्रोन जमिनीवर ठेवला. पाती फिरली, धूळ उडाली, आणि फोनमधून एका बाईचा थंड, निर्विकार इंग्रजी आवाज आला: होम पॉइंट रेकॉर्डेड.

सुभद्रेला त्यातले दोन शब्द कळले आणि ते पुरेसे होते. ती पुढे झाली. "कोणाचा होम? काय रेकॉर्ड केल्यान तिने?"

"काही नाही, मावशी. ते यंत्र बोलतं तसं. जिथून उडालं ती जागा ते लक्षात ठेवतं. वाट चुकलं, चार्जिंग संपत आलं, तर आपसूक तिथेच परत येतं. त्या जागेला ते घर म्हणतं."

"एकदा उडाला म्हणान घर त्याचा?" लवू म्हणाला. "आयला, बरा आसा. आमचो जन्म गेलो हय, तरी आमच्याकडे पुरावो मागतत."

या वेळी हसू आले ते अनुजाला, आणि आत्याने ते पाहिले. अनुजाने चेहरा आवरला. पण आवरलेला चेहरा न आवरलेल्यापेक्षा अधिक संशयास्पद दिसतो, हे तिला त्याच क्षणी कळले.

ड्रोन वर गेला. त्याचा गुणगुणाट चाळीच्या माथ्यावर काही वेळ घुटमळला आणि मग गिरणीच्या भिंतीपलीकडे विरघळला. हेरंबला वाटले, दाखवले की संशय फिटेल. त्याने फोन सुभद्रेच्या हातात दिला. पडद्यावर चिमणी होती. पण जन्मभर खालून पाहिलेली नव्हे. तिचे तोंड दिसत होते. विटांचे गोल कडे, त्यातून फुटलेले पिंपळाचे रोप, आणि आत काळोख, इतका जुना आणि इतका शांत की त्यात पाहणाऱ्याला आपलेच काही हरवल्यासारखे वाटावे.

"बापूस माझो हिच्या खाली राबलो," सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच सैल झाला. "आतून अशी आसा म्हणान कोणाक ठावक होता?"

लवू आणि अनुजाही जवळ आले. तिघांची डोकी त्या लहानशा पडद्यावर झुकली आणि गच्चीवरचा ताण उतरू लागला. हेरंबने अनुजाकडे पाहून डोळा मिचकावला: जमले.

मग त्याने ड्रोन माघारी वळवला. चिमणी मागे सरकली, गिरणीची कोसळलेली छपरे गेली, आणि चौकटीत करंबेळकर चाळ आली. वरून तिला भिंती नव्हत्या, दारे नव्हती, नावांच्या पाट्या नव्हत्या. गच्ची होती, मागच्या अंगाला पत्र्यांची लांबट रांग होती, त्यावर निळ्या ताडपत्रीचे तुकडे, आणि कोपऱ्यात, जिथे इमारत वळते तिथे, एक भाग इतरांपेक्षा रुंद पुढे आलेला.

"ही आपली खोली ना?" अनुजा म्हणाली. आणि पुढचे शब्द तिने ठरवण्याआधीच बाहेर पडले. "किती मोठी आहे रे हेरंब. दोन्ही बाजूंनी उजेड."

डोंबिवलीत ती भाड्याने राहत होती. दर अकरा महिन्यांनी खोकी, दर अकरा महिन्यांनी नवे कुलूप, नवा घरमालक, नवी घासाघीस. त्या उजेडाचा विचार तिने कधी केला नव्हता. निदान केला नव्हता असे ती आजवर मानत आली होती.

सुभद्रेने फोन हेरंबला परत दिला. अगदी हळू, भरलेले भांडे द्यावे तसा.

"मोठी दिसता?" तिने विचारले.

"आत्या, मी सहज म्हटलं."

"सहजच म्हटलंस. म्हणान विचारतंय."

हेरंबने ड्रोन उतरवला. पाती थांबली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिटी एकदम जवळ आल्यासारखी वाजली.

"अनू, माका ह्या मशीनचा काय पडलेला नाय," सुभद्रा म्हणाली. "फोटो काढ, मोजणी कर, काय व्हया ता कर. रविवारी ती माणसां माका विचारतली, वारस कोण. मी काय सांगू?"

"तू इथेच राहणार आहेस. तुला कोण काढतंय?"

"ता मी विचारूक नाय. रवता कोण ता माका ठावक आसा. खोली कोणाची?"

"आत्या, लोकांसमोर..."

"लोक खंय हत? लवू आसा. तो तुझ्या बापाशीचो दोस्त. त्याच्यासमोरच बोल. खोली आत्याची, एवढाच. कागद नको, सही नको. तुझ्या तोंडान बोल. कमिटीत तो सांगात."

लवूने घसा खाकरला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली होती. "बोलून टाक, पोरी. दोन शब्दांचा काम."

दोनच शब्द. अनुजाने दुसऱ्यांच्या घरांवर पाने भरली होती; खिडक्यांवर, कठड्यांवर, भिंतींत मुरलेल्या आवाजांवर. तिने तोंड उघडले. शब्द जिभेवर आले, अगदी तयार, आणि तिथेच थांबले. तिला ते खोटे वाटत नव्हते. मग अडत होते कशाने? ती आपल्या आत डोकावली, आणि तिथे एक मुलगी बसलेली दिसली. शांतपणे, कोपऱ्यातल्या खोलीत, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या उजेडात, आपली पुस्तके फळीवर लावत. ती मुलगी तिथे कधीपासून होती?

आत्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. अनुजाला लहानपणी तापात जशी पाहायची, तशीच. कपाळाला हात न लावता ताप ओळखायचा प्रयत्न करत.

"अनुजा," हेरंब हलकेच म्हणाला, "अगं, बोल ना."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग लवूकडे. आत्याकडे पाहणे तिला जमले नाही. तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली, ती सरकली नसतानाही.

"अनू," सुभद्रेने पुन्हा विचारले. आता त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होण्यापलीकडचे होते. "कोणाची?"

अनुजा वळली, गच्चीचे दार ढकलून जिन्यात शिरली आणि पायऱ्या उतरू लागली.