पाय पुरेपर्यंत

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. पायांनी खालच्या दोन पायट्या दाबायच्या, म्हणजे माझ्या पोटातला भाता हवेने भरतो. मग वर हाताने पट्ट्या दाबल्या की मी गाते. लोक कौतुक करतात ते हातांचं. पण पाय थांबले की माझा आवाज बंद! माझा जीव पायांत आहे, हे कुणाच्या गावीही नसतं.

मला एका तिरसट सुताराने जुन्या दाराच्या लाकडातून घडवलं. पहिला सूर निघाला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "मी गेल्यावरही ही बया बोंबलत राहणार बघ." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणं शक्य नव्हतं.

पुढे मला एका शाळेने घेतलं. तिथे संगीत शिकवणाऱ्या बाई होत्या. कडक म्हणजे काय विचारता! सूर चुकला की चष्म्यावरून नुसतं बघायच्या. पण लहान मुलांपुढे त्या लोण्यासारख्या मऊ होत. सगळ्यात लहान वर्गातली मुलं बाकावर बसली की त्यांचे पाय हवेत लोंबकळत. मग बाई शेजारी स्टूल ओढून बसायच्या, स्वतःचे पाय माझ्या पायट्यांवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाय पुरत नाहीत ना अजून? पुरतील. तोवर मी आहे. तू वाजव." किती मुलांना त्यांनी अशी हवा पुरवली असेल, देव जाणे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला अडगळीत टाकायचं ठरत होतं. त्यांनी मला हातगाडीवर घालून घरी आणलं. घरी त्यांचा मुलगा होता. त्याला माझ्या सुरांत काडीचा रस नव्हता. माझ्या पोटात काय आहे, हे मात्र त्याने दोनदा उघडून पाहिलं. पुढे तो नळदुरुस्ती करू लागला, यात नवल ते काय?

मग बाई विसरू लागल्या. आधी नावं गेली, मग सुरावटी गेल्या. एक दिवस मुलगा कामावरून आला, तर त्यांनी विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" माझं झाकण मिटलं ते मिटलंच. भाता फाटला. माझ्या पायट्यांवर घरच्यांच्या चपला येऊन बसल्या. एकदा तर ओला बूट! माझा संताप संताप झाला, पण फाटक्या भात्याने ओरडणार कशी?

त्यातच बाईंच्या पायांनी उच्छाद मांडला. दिवसभर त्या ठीक असायच्या. दिवे लागले आणि त्या खुर्चीत बसल्या की पाय वळवळायला लागायचे. पोटऱ्या चोळायच्या, उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या.

"आई, बसा ना जरा. चार घास खाऊन घ्या," सून म्हणायची.

"मला जायचंय."

"कुठे जायचंय?"

"जायचंय गं!"

सून पावाच्या भट्टीत कामाला होती. पहाटे तिला घर सोडावं लागे. रोज संध्याकाळी ती बाईंमागे फिरायची आणि तिचं ताट ओट्यावर गार व्हायचं. घरच्यांना वाटलं, बाईंना शाळेत जायचंय. म्हणून त्यांनी शाळेची पिशवी लपवली, दाराला वर कडी बसवली. मग वाटलं, पायांना थंडी वाजते. म्हणून जाड पांघरूण गुंडाळून चारी बाजूंनी खोचलं. कुणीतरी सांगितलं म्हणून झोपेचं औषध पाजलं, तर पाय दुप्पट नाचू लागले. सगळ्यांनी मायेनेच केलं हो! पण रोग एक आणि इलाज भलताच.

शेवटी बाईंच्या लांब राहणाऱ्या लेकीचा फोन आला. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा होती. महिनाअखेरीस आईला तिथे पोचवायचं ठरू लागलं. सून नवऱ्याला म्हणाली, "मला त्यांना पाठवायचं नाहीये. पण मी उभ्या उभ्या झोपते हो आता. काल भट्टीपुढे डुलकी लागली." मला धस्स झालं.

दुसऱ्याच संध्याकाळी बाईंनी ते पांघरूण ओढून फेकलं आणि रडत रडत उठल्या. तोल जाऊन त्या माझ्यासमोर, बूट घालायच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. त्यांच्या पायांनी चपला बाजूला लोटल्या. एक बूट तर थेट दारापर्यंत उडाला. बरं झालं मेल्याला! आणि मित्रांनो, त्यांचे पाय माझ्या पायट्यांवर आले. डावा, उजवा, डावा, उजवा. मी नुसती फुसफुसत होते, तरी पाय चालत राहिले. बाईंचं रडू थांबलं. कपाळावरची आठी गेली. सून ताट हातात घेऊन पाहत राहिली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून गरम गरम जेवली.

तिने हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या घरी आल्या आणि बाईंचे पाय बराच वेळ पाहत बसल्या. "हा पायांचा आजार आहे. स्वस्थ बसलं की पायांत वळवळ सुटते आणि हलवलं की बरं वाटतं. यांना ते सांगता येत नाही. या कुठे जायला निघत नाहीत; स्वतःच्या पायांपासून सुटका शोधतात," त्या म्हणाल्या. त्यांनी झोपेचं औषध बंद केलं, रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पाय बांधू नका."

मुलाने जुन्या रेनकोटचा तुकडा कापून माझा भाता सांधला. नळवाल्याचंच काम ते, पण हवा टिकली! संध्याकाळी बाई पायट्या मारू लागल्या. त्याने त्यांचे हात माझ्या पट्ट्यांवर ठेवून पाहिले. बोटं नुसती पडून राहिली. एकही सूर परत आला नाही. खोटं कशाला सांगू? मग तोच शेजारी बसला आणि जाडजूड बोटांनी चढते सात सूर दाबू लागला. वरच्या सुरावर तो चाचपडला, सूर लांबला, हवा संपत आली. तोच बाईंचे पाय आपसूक भरभर चालू लागले! त्यांना नाव आठवत नव्हतं, घर आठवत नव्हतं, पण शेजारच्याला हवा कमी पडतेय हे पायांना कळलं. मी थक्क झाले. इतकी वर्षं ज्या पायांवर जगले, त्यांची थोरवी मला त्या दिवशी कळली.

बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. केवढा थोरला गडी, डोक्यावर टक्कल, गुडघे माझ्या पोटाला टेकलेले. त्याच्या गुडघ्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "पाय पुरत नाहीत ना अजून? पुरतील. तोवर मी आहे. तू वाजव."

जन्मभर तो त्यांना आई म्हणत आला होता. त्या संध्याकाळी म्हणाला, "हो, बाई."

आणि वाजवत राहिला. बेसूर! पण मी एका शब्दाने तक्रार केली नाही. नंतर त्याने बहिणीला फोन लावला. "आई इथेच राहील," एवढंच बोलला आणि नाक पुसत आत गेला.

मित्रांनो, बाई बऱ्या झालेल्या नाहीत. वाईट संध्याकाळी अजून येतात. तेव्हा मुलगा आणि सून आळीपाळीने त्यांना धरून घरभर फिरवतात, पोटऱ्या चोळतात आणि माझ्यापुढे आणून बसवतात. तुमच्याही घरी कुणाला स्वस्थ बसवत नसेल, तर त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना बांधू नका. थोडं त्यांच्याबरोबर चाला. तुमचे पाय जमिनीला पुरत नव्हते, तेव्हा कुणाच्या तरी पायांवर तुमचं सगळं चाललं होतं.

आणि हो, माझ्या पायट्यांवर चपला ठेवू नका. ती जागा बाईंची आहे.