कळा मोजणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुमच्या दप्तरातल्या पट्टीएवढीच लांब, पण माझ्या आधाराने तुम्हाला सरळ रेघ मारता येणार नाही, कारण माझ्या कडा आता झिजल्या आहेत. तसंही रेघा मारणं हे माझं काम नाही. मी दुखणं मोजते. तंजावरच्या एका प्रसूती रुग्णालयात मी राहते आणि कळा सुरू झालेल्या बायकांच्या हातात मला देतात.

माझ्या पुढच्या बाजूला बाईचे सहा चेहरे आहेत. पहिला शांत आहे, शेवटचा रडतो आहे. चेहऱ्यांच्या खाली एक खाच आहे आणि खाचेत लाल काटा सरकतो. आपल्याला किती दुखतंय त्याप्रमाणे बाईने तो काटा सरकवायचा. आकडे माझ्या पाठीवर आहेत, शून्यापासून दहापर्यंत. ते नर्सने वाचायचे.

माझ्याआधी इथे एक परदेशी पट्टी होती. तिच्यावर केस नसलेली गोल तोंडं होती. बायका ती बघून विचारायच्या, हे बाळाला दुखतंय का? भूल देणाऱ्या डॉक्टर भुवनेश्वरी यांनी मग शेजारच्या सीतारामरावांना गाठलं. सीतारामराव चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांनी माझ्या बाईला कुंकू लावलं, नाकात चमकी घातली, केसांत मोगरा माळला. पाच चेहरे झरझर झाले. सहाव्यापाशी त्यांचा हात थांबला.

"शेवटच्या चेहऱ्याचे तोंड कसे काढू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"उघडे काढा."

"आपल्या घरच्या बायका तोंड उघडीत नाहीत."

"म्हणूनच तुम्हांस काही ठाऊक नाही," असं म्हणून त्या रसमला फोडणी द्यायला निघून गेल्या. सीतारामरावांनी तोंड उघडं काढलं. मी मराठी शिकले ती त्याच घरात, आणि मिटलेल्या तोंडामागेही दुखणं असतं, ही कामाची गोष्टही तिथेच शिकले.

पुढे माझी वर्षं चांगली गेली. पापनाशमच्या, तिरुवैयारूच्या, कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या बायका माझ्याकडून मोजून गेल्या. कुणी काटा एवढ्या जोराने ढकलायची की तो खाचेतून बाहेर पडायचा. कुणी मलाच चावायची. माझ्या एका टोकाला अजून दातांच्या खुणा आहेत. मला त्याचा राग नाही. राग येतो तो खोटं दाखवणाऱ्यांचा. घाम गळतोय, ओठ पांढरे पडलेत आणि काटा मात्र दुसऱ्या चेहऱ्यावर! सासू उभी असली की असं हमखास व्हायचं. मी पट्टी आहे, मला बोलता येत नाही. जिथे काटा ठेवाल तेच मी दाखवणार.

याच रुग्णालयात मी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, जवळून पाहिलं. कंबरेच्या मणक्यांच्या मधून सुई घालतात, तिच्यातून एक बारीक, मऊ नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. नळी तिथेच राहते. तिच्यातून थोडं थोडं औषध मज्जातंतूंच्या जवळ पोचतं. बाई जागी असते, बोलते, पाय हलवते. पोट घट्ट होतं ते तिला कळतं, पण कळ तिला पिळून काढत नाही. दंडात किंवा मांडीत टोचायच्या इंजेक्शनांनी माझा काटा जरासाच मागे यायचा. एपिड्युरलने तो बहुतेक बायकांच्या बाबतीत खूप मागे आला. सगळ्यांच्या नाही. हेही मी सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि त्या खोटं दाखवणाऱ्यांत फरक काय?

आता शांभवीची गोष्ट सांगते. ती तिरुच्चीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पहिलटकरीण म्हणून ओरत्तनाडूला माहेरी आली होती; ते घरही सीतारामरावांच्या घरासारखंच जुनं मराठी. तिची आई वरलक्ष्मी तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली. सकाळी कळा खऱ्या की खोट्या हे बघायला आईने तिला जिऱ्याचा काढा पाजला. खोट्या कळा त्याने थांबतात म्हणे. त्या थांबल्या नाहीत, तेव्हा गाडी काढली. आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार झाली होती. शांभवीने मला हातात घेतलं आणि काटा थेट पाचव्या चेहऱ्याच्या पुढे नेला. मला ती तिथेच आवडली.

तिने एपिड्युरल मागितलं. वरलक्ष्मींना ते पसंत नव्हतं. त्या त्याला पाठीतली ऊसी, म्हणजे सुई, म्हणत. ऊसी घेतली की जन्मभर कंबर धरते, असं त्यांनी ऐकलं होतं. शिवाय त्यांच्या घरात कुणी घेतलीच नव्हती. शांभवी जन्मली तेव्हा वरलक्ष्मींचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, आणि हे कौतुक नातेवाईक अजून प्रत्येक लग्नात करत.

डॉक्टर भुवनेश्वरींनी दोघींना तमिळमध्ये समजावलं. सुईच्या जागी काही दिवस दुखेल, पण जन्मभराच्या कंबरदुखीशी तिचा संबंध आढळलेला नाही. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आम्ही तो बघत राहतो. थंडी वाजेल, खाज येईल. शेवटी जोर द्यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. आणि काही बायकांना औषध एकाच बाजूला लागतं. तसं झालं तर लगेच सांगायचं. वरलक्ष्मी कॉफीचा फ्लास्क घेऊन बाहेर जाऊन बसल्या. जाता जाता लेकीला म्हणाल्या की पुढे काही झालं तर मग मला सांगू नकोस.

नळी बसली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना बर्फ लावून पाहिला. गार कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, यावरून औषध किती पोचलं ते कळतं. दोन्ही बाजू ठीक होत्या. काटा दुसऱ्या चेहऱ्यावर आला आणि तो खरा होता, कारण शांभवीची पकड सैल पडली होती. आई आत आल्यावर ती हसत म्हणाली, "बघितलेस ना अम्मा? उगीच भीत होतीस." वरलक्ष्मींनी फ्लास्कचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

नंतर केव्हातरी शांभवीने कूस बदलली, आणि त्यात ती मऊ नळी आतल्या आत थोडी सरकली असावी. डावी बाजू शांत राहिली. उजव्या बाजूला कळा परत आल्या. मला हे कसं कळलं? तिचा अंगठा माझ्या काट्यावर होता. कळ आली की काटा पाचव्या चेहऱ्याकडे जायचा. मग ती आईकडे बघायची आणि काटा गुपचूप मागे आणायची. नर्स अलमेलु विचारायला आली तेव्हा काटा दुसऱ्या चेहऱ्यावर होता. अलमेलुने माझ्या पाठीवरचा आकडा वाचला आणि ती समाधानाने गेली. माझा जीव नुसता तडफडला.

मग बाळाचे ठोके मधूनच मंद होऊ लागले. डॉक्टर भुवनेश्वरी आल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की बहुतेक ठोके सावरतील, पण शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर याच नळीतून जास्त औषध देऊन काम होईल. त्यासाठी नळी दोन्ही बाजूंना नीट चालू असायला हवी. ती एकाच बाजूला चालते असं ऐन वेळी कळलं तर घाईत दुसरी भूल द्यावी लागेल. त्या म्हणाल्या, "दुखत असेल तर आत्ताच सांग."

"परवाइल्लै," शांभवी म्हणाली. काही नाही, ठीक आहे. पण तिच्या उजव्या पायाची बोटं चादरीत रुतली होती.

डॉक्टर बर्फ आणायला सांगण्यासाठी दारापर्यंत गेल्या. वरलक्ष्मी उठल्या आणि लेकीच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. आता मराठी सुरू झालं, आणि खोलीत ते कळणारं त्या दोघींखेरीज फक्त मीच होते.

"कण्णा," त्यांनी लाडाने हाक मारली, "तुज दुखते आहे."

"नाही अम्मा."

"हे तोंड मज ठाऊक आहे. हे माझेच तोंड आहे. तू जन्मलीस तेव्हा मी असेच दात आवळून पडले होते."

शांभवीने मान फिरवली. "मी कबूल केले तर तू म्हणशील, मी सांगितले होते."

"नाही म्हणत."

वरलक्ष्मींनी मला लेकीच्या हातातून काढून घेतलं. त्यांचा हात थंडगार होता. त्यांनी काटा धरला आणि सावकाश शेवटपर्यंत नेला, उघड्या तोंडाच्या चेहऱ्याखाली. खाच तिथे संपते.

"मज एवढे दुखले होते. कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. पुढे सगळे माझे कौतुक करीत राहिले, मग सांगायचे राहूनच गेले. तुज विचारणारे माणूस दारात उभे आहे. तू सांग."

मी कितीतरी बायकांचे आकडे मोजले आहेत, पण एवढ्या वर्षांपूर्वीचं दुखणं मी पहिल्यांदाच मोजलं. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

शांभवी रडायला लागली, चांगली मोठ्याने. डॉक्टर मागे वळल्या. तिने उजवी मांडी दाखवली आणि काटा पाचव्या चेहऱ्याच्या पुढे ठेवला. बर्फ लावला तर डाव्या बाजूला गार कळत नव्हतं आणि उजव्या बाजूला लख्ख कळत होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नळी थोडीशी मागे ओढली, शांभवीला उजव्या कुशीवर वळवलं आणि औषधाचा आणखी एक डोस दिला. याने जमलं नाही तर नळी नव्याने घालू, असंही सांगितलं. वरलक्ष्मींनी भीत भीत विचारलं की म्हणजे ऊसी वाया गेली का? डॉक्टर म्हणाल्या की असं काही जणींना होतं, बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं, आणि म्हणूनच तर आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो.

काटा हळूहळू उतरला. चौथा चेहरा, तिसरा, मग दुसऱ्याच्या जरा पुढे थांबला. बाळाचे ठोकेही सावरले. शून्य काही आलं नाही. शेवटी खाली दाब आला तो शांभवीला चांगलाच जाणवला, पण त्या दाबाच्या अंदाजानेच तिला जोर देता आला. दिवेलागणीच्या सुमाराला मुलगी झाली. तिने पहिल्या श्वासालाच तोंड एवढं उघडलं की सीतारामरावांनी बघायला हवं होतं. वरलक्ष्मी म्हणाल्या, "रड, रड. उंबऱ्याबाहेर जाऊ दे."

मित्रांनो, आता मी फारशी वापरात नाही. नवीन नर्स तोंडीच विचारतात, शून्य ते दहा, किती? मी खणात कापसाच्या पुड्यांखाली पडून असते. माझ्या काट्याचा लाल रंग उडाला आहे आणि तो मध्येच अडकतो. याचं मला थोडं वाईट वाटतं, पण विचारणं थांबलेलं नाही, तेवढं पुरे.

मध्यंतरी वरलक्ष्मी नातीला लस टोचायला घेऊन आल्या होत्या. नात कडेवरून सरकू लागली तशा त्या गुडघा धरून खुर्चीत बसल्या. अलमेलुने बघितलं आणि विचारलं, अम्मा, गुडघा दुखतो का? वरलक्ष्मींच्या तोंडावर ते "परवाइल्लै" आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. म्हणाल्या, "ती पट्टी आहे का अजून?"

अलमेलुने मला खणातून शोधून काढलं आणि पदराने पुसलं. वरलक्ष्मींनी काटा चौथ्या चेहऱ्यावर नेला. जरा विचार केला आणि थोडा आणखी पुढे सरकवला. मग गुडघा केव्हापासून दुखतो, जिना चढताना कसा दुखतो, हे सगळं त्यांनी अलमेलुला बैजवार सांगितलं. एवढी वर्षं साठलेलं होतं, त्यामुळे वेळ लागला. अलमेलु उभ्या उभ्या ऐकत राहिली.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मी कचऱ्यात गेलेली असेन. मला जपू नका. पण घरात कुणी दात आवळून गप्प पडलेलं दिसलं तर त्याला विचारा, आणि तो "काही नाही" म्हणाला तरी लगेच उठून जाऊ नका.