राजाचे जोडे आणि मुशीचं तेल

चिंतामणी भिड्यांनी चामड्याच्या कामाला हात घातला तेव्हा आळीतल्या कुणीही ते मनावर घेतलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना अशी खुळं अधूनमधून लागायची. मधमाश्या पाळून झाल्या होत्या, म्हणजे खरं तर मधमाश्यांनीच त्यांना हाकलून लावलं होतं. पण या वेळचं खूळ निराळं होतं. या वेळी त्यांना बायकोसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं.

सुमेधाताई लग्नाआधी संगीत नाटकांतून गात असत. पुढे संसार, शाळेतली नोकरी, सासूबाईंचं आजारपण, आणि गाणं जे देवघरात जाऊन बसलं ते तिथेच राहिलं. यंदा आळीतल्याच अपूर्वानं स्पर्धेसाठी स्वतः एक संगीत नाटक लिहिलं, बसवायला घेतलं, आणि राणीच्या भूमिकेसाठी थेट भिड्यांच्या ओटीवर येऊन बसली.

"काकू, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी चहाला हात लावणार नाही," ती म्हणाली.

"अगो, निवेल तो!" सुमेधाताई म्हणाल्या, आणि चहा वाया जाऊ नये म्हणून हो म्हणाल्या. निदान सगळ्यांना त्यांनी कारण तरी हेच सांगितलं. रात्री मात्र त्या स्वयंपाकघरात भांडी लावता लावता ताना घेत होत्या, आणि चिंतामणी बाहेर वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत होते.

नाटकाची गोष्ट साधी होती. राजा राज्य सोडून अनवाणी वनात जातो आणि आपले जोडे राणीपाशी ठेवून जातो. दुसऱ्या अंकात राणी ते जोडे पाटावर मांडते आणि त्यांच्याकडे बघत विरहाचं पद म्हणते. सगळं नाटक त्या पदावर तोललेलं. अडचण एवढीच होती की भाड्याच्या दुकानातून आलेले जोडे प्लास्टिकचे होते आणि त्यांच्याकडे बघून विरह तर सोडाच, नीट दुःखसुद्धा होत नव्हतं.

"जोडे मी करतो," चिंतामणी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांना तोपर्यंत नाटकात एकच काम होतं, ते म्हणजे सुमेधाताईंचा गरम पाण्याचा थर्मास सांभाळणं. ते काम त्यांच्या मनाला फार लागलं होतं. इतक्या वर्षांनी ही बाई उभी राहून गाणार आणि आपण थर्मास धरणार, हे त्यांना पटेना.

मग भिड्यांच्या माडीवर कारखाना उभा राहिला. कोल्हापूरहून एसटीनं चामडं आलं. रापी आली, म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. भोकं पाडायची आरी आली, मेणाचा दोरा आला. गुरू मोबाइलमध्ये होता. तो व्हिडिओतला माणूस दर वेळी हात जोडून सांगायचा, की नवशिक्यानं आधी किल्ल्या अडकवायचा पट्टा करावा, मग पाकीट, मग कंबरेचा पट्टा, आणि पादत्राणांच्या वाटेला निदान वर्षभर तरी जाऊ नये. चिंतामणी तेवढा भाग पुढे ढकलायचे.

बाकीचा उपदेश मात्र त्यांनी तोंडपाठ केला आणि येईल जाईल त्याला ऐकवला. दूध घालायला आलेल्या सदूला त्यांनी दारात थांबवून सांगितलं, "हे बघ, रापीला धार हवी. बोथट रापी जास्त कापते, पण चामडं नाही, बोट." आणि पुरावा म्हणून बांधलेलं बोट दाखवलं. चामडं आधी ओलं करावं, मग वाकवावं. वाळवावं ते सावलीत, उन्हात नाही. भोकं सगळी आधी पाडून घ्यावीत आणि मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्हीकडून शिवावं, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. "लक्षात आलं?" सदूनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून तो दूध फाटकापाशी ठेवून पळायला लागला.

पहिला जोड तयार झाला तेव्हा चिंतामणी स्वतःवर इतके खूश झाले, की त्यांनी तो देवापुढे ठेवायला काढला होता. सुमेधाताईंनी वेळीच आवरलं. राजाचं काम करणारा सलिल, एरवी दातांचा डॉक्टर, तालमीला ते जोडे घालून उभा राहिला आणि हळूहळू डावीकडे जायला लागला. अपूर्वा ओरडली, "सलिलदादा, मध्यभागी!" तो मध्यभागी यायचा आणि गाता गाता पुन्हा डावीकडे सरकायचा. शेवटी खाली बसून पाहिलं तर दोन्ही जोडे डाव्या पायाचे होते. एका पायाच्या मापाचा कागद चामड्यावर ठेवून आखल्यावर दुसऱ्यासाठी तो उलटा करायचा असतो, हे गुरूनं सांगितलं होतं. पण ते पुढे ढकललेल्या भागात होतं.

दुसरा जोड उजव्या-डाव्याच्या हिशेबानं बरोबर उतरला. दिसायलाही देखणा, टोकाला वळलेला, वर लाल पट्टी. अपूर्वानं टाळ्या वाजवल्या. सुमेधाताईंनी जोडा हातात घेऊन टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही केलंत?" त्या एका वाक्यावर चिंतामणी दोन दिवस जेवणखाण विसरून हिंडले.

पण सलिल चालायला लागला आणि जोडे बोलायला लागले. कर्र, कर्र, कर्र. पहिल्या अंकातलं राजाचं पद येरझारा घालत म्हणायचं होतं, आणि जोडे बरोबर समेच्या आधी करकरायचे. तबलजी वैतागला. "काका, एक तर मी राहीन, नाहीतर हे जोडे," तो म्हणाला. अपूर्वानं प्लास्टिकचे जोडे पुन्हा बाहेर काढले. काढताना ती चिंतामणींकडे बघत नव्हती.

चामड्याला तेल पाजलं की ते मऊ होतं आणि करकरायचं थांबतं. त्यांनी खोबरेल पाजलं. काही फरक पडेना. मग गुरूकडे धाव घेतली, तर तो म्हणाला की चामड्याला सगळ्यांत मानवतं ते माशाचं तेल. आता दुसऱ्या कुठल्या गावातला माणूस इथे थांबला असता, नाहीतर दुकानातून चामड्याचं म्हणून मिळणारी साफसूफ बाटली मागवून मोकळा झाला असता. पण रत्नागिरीच्या माणसाला माशाचं तेल म्हटलं की एकच तेल आठवतं, होडीच्या लाकडाला फासतात ते मुशीचं, म्हणजे छोट्या शार्कचं. जन्मात मासळीला हात न लावलेले चिंतामणी भिडे रिकामी बाटली घेऊन बंदरावर गेले. तिथे नाटे गावचा बाळा आपल्या होडीपाशी बसला होता.

"ह्या तेल होडीला लावतात काका," बाळा म्हणाला. "तुमी कुटं होडी बांधताव?"

"होडी नाही रे, जोडे आहेत. राजाचे."

बाळानं त्यांच्याकडे, मग बाटलीकडे पाहिलं. "राजाला वास चालल ना?" त्यानं विचारलं आणि बाटली भरून दिली.

वासाचं काय सांगावं! माडीवरून तो जिन्यानं खाली आला आणि सुमेधाताई शेजारी काहीतरी मेलंय म्हणून भांडायला निघाल्या. चिंतामणींनी जोडे गुपचूप गच्चीवर टाकले, आठवडाभर वारा दिला, मग वरून अत्तर चोळलं, पुन्हा अत्तर चोळलं. शेवटी नाकाला फक्त अत्तर लागायला लागलं. आणि जोडे? सलिल भरभर चालला, थांबला, गिरकी घेऊन वळला. आवाज नाही! तबलजीनं येऊन हात मिळवला. प्लास्टिकचे जोडे पुन्हा खोक्यात गेले. गच्चीवर आळीतली तीन मांजरं रोज येऊन का बसतात, हा प्रश्न चिंतामणींना पडला होता. पण त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो कुणाला विचारला नाही.

प्रयोगाला आळीच्या टोकाचं नाट्यगृह भरलं होतं. पहिला अंक निर्वेध पार पडला. राजा जोडे काढून अनवाणी वनात गेला आणि विंगेत येऊन चहा पिऊ लागला. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. मधोमध पाट, पाटावर जोडे, वर एकच दिवा, मागे रिकामं सिंहासन, आणि बाजूला नऊवारीतल्या सुमेधाताई. त्यांनी पहिला सूर लावला आणि विंगेतल्या चिंतामणींनी हातातला थर्मास खाली ठेवला. घरात भांड्यांच्या आवाजातून येणारा सूर तो हा नव्हे. हा सूर त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"कोण येई या पाउलवाटे," राणीनं विचारलं, आणि समोरच्या विंगेतून गच्चीवरचा पिवळा बोका आला.

शेपटी ताठ, चाल संथ. तो सरळ पाटापाशी गेला, जोड्याला डोकं घासलं आणि चाटायला लागला. प्रेक्षकांत कौतुकाची कुजबुज झाली. "शिकवलेला आहे हो," पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. तेवढ्यात मागून एक काळी मांजर आली, तिच्यामागे एक ठिपक्यांची, आणि कुजबुजीचं हसू व्हायला लागलं. सुमेधाताई गात होत्या. डोळे जोड्यांवर, आवाज जागच्या जागी. पण त्यांची बोटं पदर चुरगाळत होती, आणि ते फक्त चिंतामणींना दिसत होतं.

मग बोक्यानं जोडा दातांत धरला आणि निघाला. हसण्याचा फवारा उडाला.

"काका, पडदा पाडू?" अपूर्वा रडकुंडीला आली होती.

पडदा पडला असता तर पद तिथेच तुटलं असतं. इतक्या वर्षांनी उभी राहिलेली बाई मांजरांना हसणाऱ्या लोकांसमोर अर्ध्या ओळीत थांबली असती, आणि ती पुन्हा उभी राहिली नसती. हे चिंतामणींना लख्ख कळत होतं. आणि तेल त्यांनी लावलं होतं.

"अजिबात पाडू नकोस," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर रांगत रंगमंचावर शिरले.

सिंहासनाच्या आडून गेलं की आपण दिसत नाही, अशी त्यांची कल्पना होती. सिंहासन दोन फुटांचं होतं. चौकटीचा शर्ट आणि लेंगा घातलेला एक सद्गृहस्थ रांगत मांजरामागे निघालाय, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसलं. त्यांनी जोड्याचं टोक पकडलं. बोक्यानं टाच सोडली नाही. दोघंही गुरगुरले. ओढाताण झाली, आणि अशाही वेळी चिंतामणींच्या मनात आलं, की वा, टाका काही उसवत नाही! मग बोक्यानं एकदम तोंड उघडलं आणि चिंतामणी जोड्यासकट मागे धाडकन पाटावर बसले.

प्रेक्षागृह खदखदत होतं. चिंतामणींनी वर पाहिलं. सुमेधाताई गायच्या थांबल्या होत्या. संपलं, त्यांना वाटलं. आपण हिचं गाणं मारलं.

सुमेधाताईंनी एक पाऊल पुढे टाकलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढची ओळ उचलली. आतापर्यंत त्या जोड्यांकडे बघून गात होत्या. आता त्या पाटावरच्या माणसाकडे बघून गाऊ लागल्या. कुठे होतास, इतके दिवस कुठे होतास, असंच काहीतरी ते शब्द विचारत होते, आणि उत्तर द्यायला चिंतामणींकडे फक्त एक चाटलेला जोडा होता. तो त्यांनी छातीशी धरला. हसणं कमी झालं, मग थांबलं. मांजरंसुद्धा बसून राहिली. सुमेधाताईंनी तालमीत कधी न घेतलेली एक तान घेतली आणि सहज समेवर आल्या. चिंतामणींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुशीच्या तेलाचा हात डोळ्यांना लागल्यामुळे, असं त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं.

"मग आता मी कोण?" विंगेत सलिल मुकुट घालून विचारत होता. तिसऱ्या अंकात परत येणारा राजा तो होता.

टाळ्यांनी छप्पर हादरलं. "वन्स मोअर!" कुणीतरी ओरडलं, मग सगळेच. विंगेतून अपूर्वा दोन्ही हातांनी नको नको करत होती. वेळ जेमतेम तिसऱ्या अंकापुरती उरली होती, आणि ती ओलांडली तर नाटक स्पर्धेतून बाद होणार होतं. चिंतामणी घाईघाईनं उठायला लागले. तोच त्यांच्या खांद्यावर हात पडला.

"उठू नका हं," सुमेधाताई ओठ न हलवता पुटपुटल्या. "मला अजून एकदा गायचंय."